युद्धखेळातील तटस्थ वसाहत : एक कारकविचार

१

मराठी समीक्षेत ‘संहिता’ ही संज्ञा रूढ होऊन बराच काळ लोटला आहे. कथा, कविता आणि नाटक यांच्यापुरता तिचा वापर मर्यादित न ठेवता जाहिरात, चित्रपट, लोकविधी यांनाही संहिता मानून त्यांचे वाचन करण्याची रीत विद्यापीठीय अभ्यासात रुळली. परंतु ज्या एका प्रकारातून आजच्या अनेक विद्यार्थ्यांचा दुसऱ्या महायुद्धाशी पहिला परिचय होतो, त्या ऐतिहासिक युद्धखेळाकडे ही दृष्टी फारशी वळलेली नाही. खेळ म्हणजे करमणूक आणि करमणुकीची समीक्षा कसली करायची, असा एक संकोच यामागे असावा. वस्तुतः पटावरचा किंवा संगणकावरचा युद्धखेळ हा नियमांच्या रूपाने लिहिलेला इतिहासच असतो. कादंबरीकार जे वर्णनातून आणि संवादातून सांगतो ते खेळाचा रचनाकार नियमातून सांगतो. काय करता येते, काय करता येत नाही, कशाची किंमत मोजावी लागते आणि कशाची लागत नाही, हे तो ठरवतो. खेळाडू हे नियम पाळतो तेव्हा तो नकळत एका विशिष्ट इतिहासदृष्टीचा स्वीकार करीत असतो.

या इतिहासदृष्टीची परीक्षा घ्यायची तर महायुद्धातील मोठ्या आघाड्या उपयोगी पडत नाहीत. तेथे कर्ते ठरलेले असतात आणि खेळ त्यांना न्यायही देतो. परीक्षा होते ती कडेच्या प्रदेशांत. त्यातही एक प्रदेश असा, की जो युद्धात नाही, कारण त्याचा मालक युद्धात नाही. आणि ज्याला स्वतःचे मत नाही, कारण तो कुणाची तरी वसाहत आहे. अशा तटस्थ वसाहतीवर युद्धकाळात परक्या सैन्याने ताबा मिळवला, तर ती घटना खेळाच्या भाषेत कशी मांडली जाते? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की युद्धखेळाच्या व्याकरणातील एक मूलभूत उणीव उघड होते. ती उणीव नैतिकतेची नसून कारकव्यवस्थेची आहे.

२

या प्रश्नाचे सर्वांत बोलके ऐतिहासिक उदाहरण म्हणजे पोर्तुगीज तिमोर. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस असलेल्या तिमोर बेटाचा पश्चिम भाग डचांकडे आणि पूर्व भाग पोर्तुगालकडे होता. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध सुरू झाले तेव्हा सालाझारच्या राजवटीने पोर्तुगाल तटस्थ असल्याचे जाहीर केले आणि त्याबरोबर तिमोर, मकाव, गोवा, अंगोला, मोझांबिक हे सारे प्रदेशही तटस्थ ठरले. त्यांपैकी एकाही प्रदेशातील जनतेला याविषयी काही विचारण्यात आले नव्हते.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. पूर्व तिमोरचा उपयोग जपान विमानतळासाठी करील, या भीतीने १७ डिसेंबर १९४१ रोजी डच व ऑस्ट्रेलियन सैन्य राजधानी दिली येथे उतरले. गव्हर्नरने निषेध नोंदवला, लिस्बननेही नोंदवला. प्रतिकार मात्र झाला नाही, कारण प्रतिकार करण्याजोगे सैन्यच तेथे नव्हते. दोस्तांच्या सैन्याची जागा घेण्यासाठी मोझांबिकहून पोर्तुगीज तुकडी पाठवण्याची तडजोड ठरली. पण ती तुकडी पोचण्यापूर्वीच, १९ व २० फेब्रुवारी १९४२ च्या दरम्यानच्या रात्री, जपानी सैन्य बेटावर उतरले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तिमोरच्या तटस्थतेचा पहिला भंग लोकशाहीच्या नावाने लढणाऱ्या पक्षाने केला, दुसरा जपानने. आणि या दोन्ही भंगांनंतरही पोर्तुगाल कागदोपत्री अखेरपर्यंत तटस्थच राहिला. युद्ध कुणी कुणाविरुद्ध जाहीर केले नाही, तरी युद्ध तेथे झाले.

ऑस्ट्रेलियन कमांडो तुकडी डोंगरात शिरली आणि सुमारे वर्षभर छुप्या युद्धाने झुंजत राहिली. तिला अन्न, वाटा, बातम्या आणि ओझी वाहणारे खांदे दिले ते स्थानिक तिमोरी लोकांनी. १९४३ च्या आरंभी ही सैन्ये समुद्रमार्गे माघारी नेण्यात आली. मागे राहिलेल्या लोकांवर जपानी सूड, पेटवलेली गावे, सक्तीची मजुरी आणि दुष्काळ कोसळला. साडेचार लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या प्रदेशात युद्धाच्या काळात चाळीस ते सत्तर हजार माणसे मृत्यू पावली असा अंदाज सर्वसाधारणपणे मांडला जातो. सप्टेंबर १९४५ मध्ये पोर्तुगीज सत्ता तेथे जशीच्या तशी परतली. जे मेले ते कोणत्याच पक्षाचे सैनिक नव्हते. ते एका तटस्थ देशाचे प्रजाजन होते.

३

भारतीय राजनीतिविचारात तटस्थतेला जुनी परिभाषा आहे. कौटिल्याच्या मंडलसिद्धांतात विजिगीषू, अरि आणि मध्यम यांच्या पलीकडचा ‘उदासीन’ राजा येतो, आणि षाड्गुण्यात संधी, विग्रह, यान यांच्या जोडीने ‘आसन’ हा स्वस्थ बसून राहण्याचा उपायही येतो. पण कौटिल्याचा उदासीन हा दुर्बळ नाही. तो इतरांहून बलवत्तर आहे, म्हणूनच त्याला उदासीन राहणे परवडते. दुर्बळासाठी अर्थशास्त्र ‘संश्रय’ सुचवते, म्हणजे बलवानाचा आश्रय. या मांडणीत एक गृहीत दडलेले आहे. तटस्थ राहणे किंवा आश्रयाला जाणे या दोन्ही क्रिया आहेत आणि क्रियेला कर्ता लागतो. राजा बलवान असो वा दुबळा, निर्णय त्याचा असतो.

वसाहतीचे तसे नाही. तिची तटस्थता ही तिची क्रिया नव्हे. मालकाच्या क्रियेची ती पडलेली सावली आहे. फरक स्पष्ट व्हावा म्हणून आइसलंडचे उदाहरण घेता येईल. १० मे १९४० रोजी ब्रिटिश सैन्याने तटस्थ आइसलंड व्यापले, तेव्हा तेथील सरकारने स्वतःच्या नावाने निषेध केला आणि पुढे व्यवहारी तडजोडही स्वतःच्याच नावाने केली. डेन्मार्कशी राजपदाचे नाते असले तरी आइसलंडला स्वतःचा आवाज होता. तिमोरच्या बाबतीत निषेध केला तो पोर्तुगीज गव्हर्नरने, आणि त्या निषेधाचा विषय होता पोर्तुगालचे सार्वभौमत्व. ज्यांच्या शेतावर सैन्य उतरले त्यांच्या वतीने झालेल्या निषेधाची ओळ त्या पत्रव्यवहारात शोधावी लागते.

क्रियेशी नामाचा जो संबंध असतो तो व्याकरणात कारकाने सांगितला जातो. ‘ऑस्ट्रेलियाने पोर्तुगालचे तिमोर व्यापले’ या वाक्यात ऑस्ट्रेलिया कर्ता आहे, तिमोर कर्म आहे, आणि पोर्तुगाल केवळ षष्ठीतून मालकी सांगतो. ‘जपान आणि ऑस्ट्रेलिया तिमोरमध्ये लढले’ या वाक्यात तर तिमोर कर्मही उरत नाही. ते अधिकरण होते, म्हणजे क्रिया घडण्याचे स्थान. इतिहासाच्या ग्रंथांत दुसऱ्या प्रकारची वाक्ये अधिक आढळतात. युद्धखेळ याच दुसऱ्या वाक्याला नियमाचे रूप देतो.

४

हे कसे घडते ते पाहण्यासाठी तीन सुपरिचित खेळ पुरेसे आहेत.

पहिला, अॅलन कॅलहॅमरने रचलेला आणि १९५९ मध्ये बाजारात आलेला ‘डिप्लोमसी’ हा पटावरचा खेळ. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपच्या नकाशावर तो खेळला जातो. सात सत्ता आणि रसदीची चौतीस केंद्रे. त्यांपैकी बारा केंद्रे आरंभी कुणाचीच नसतात. या बारांत बेल्जियम, पोर्तुगाल, स्वीडन असे स्वतंत्र देश आहेत आणि त्यांच्याच पंगतीला ट्युनिसही आहे. खेळ सुरू होतो १९०१ मध्ये. ट्युनिशिया मात्र १८८१ पासूनच फ्रान्सच्या संरक्षणाखाली होता. पटाने फ्रान्सची मालकी पुसली आणि तेथे मोकळी जागा ठेवली. बहुतेक डावांत इटलीचा खेळाडू पहिल्या वर्षीच ती घेतो. या खेळात तटस्थ प्रदेशाला सैन्य नसते, मत नसते, प्रतिकार नसतो. तटस्थ याचा अर्थ येथे ‘अद्याप कुणी न घेतलेला’ एवढाच आहे.

दुसरा खेळ ‘अॅक्सिस अँड अॅलाइज’. त्याच्या १९८४ च्या आवृत्तीत तटस्थ प्रदेशात सैन्य घालायचे असेल तर पेढीत तीन औद्योगिक एकके भरावी लागत. तटस्थतेचा भंग हा एक टोलनाका होता. पैसे भरले की रस्ता मोकळा. पुढील काळातील, १९४० च्या संपूर्ण जगाचा पट मांडणाऱ्या आवृत्तीत यात सुधारणा झाली. तेथे एका कडव्या तटस्थ प्रदेशावर हल्ला केला की उरलेले सारे कडवे तटस्थ विरुद्ध पक्षाकडे झुकतात. भंगाला राजकीय परिणाम असतो, हे येथे मान्य झाले. परंतु या यादीत तुर्कस्तान आणि स्वीडन यांच्या जोडीला अंगोला व मोझांबिकही आहेत, जणू लुआंडा येथे अंकाराप्रमाणेच एखादे परराष्ट्र खाते बसले होते. पहिल्या खेळाने वसाहतीचा मालक पुसला. या खेळाने वसाहतीला तिच्याकडे नसलेले स्वातंत्र्य बहाल केले. दोन्ही ठिकाणी पुसली जाते ती एकच गोष्ट, वसाहत असणे.

तिसरा खेळ संगणकावरचा. स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेची ‘हार्ट्स ऑफ आयर्न’ ही मालिका २००२ मध्ये सुरू झाली आणि तिचा चौथा खेळ २०१६ मध्ये आला. येथे वसाहत मालकाच्या नावावरच असते आणि हे इतिहासाला धरून आहे. पण त्यामुळे खेळाच्या सर्वसाधारण नियमांनुसार वसाहत बळाने घ्यायची तर मालकाशी युद्ध पुकारावे लागते. त्यासाठी युद्धाचे समर्थन तयार करावे लागते, त्यात राजकीय बळ आणि दिवस खर्ची पडतात, जागतिक तणावाचा आकडा चढतो. म्हणजे १७ डिसेंबर १९४१ रोजी जे प्रत्यक्षात घडले, कुणाशीही युद्ध न पुकारता तटस्थाची वसाहत व्यापणे आणि त्यानंतरही त्याला तटस्थ म्हणत राहणे, ते या अतिशय तपशीलवार खेळाच्या व्याकरणात सरळपणे बसत नाही. इतिहास खेळापेक्षा अधिक निर्लज्ज होता, असेच म्हणावे लागते.

याच खेळात २०२० च्या एका विस्ताराने व्यापलेल्या प्रदेशासाठी ‘प्रतिकार’ आणि ‘आज्ञापालन’ असे दोन आकडे आणले. वरवर पाहता स्थानिक जनता येथे पटावर अवतरली. तथापि हे आकडे कुणासाठी मोजले जातात, हे पाहिले पाहिजे. प्रतिकार वाढला की व्यापणाऱ्याचे नुकसान वाढते. आज्ञापालन वाढले की त्याला मिळणारी साधने आणि मनुष्यबळ वाढते. जनता येथे आहे, पण ती व्यापणाऱ्याच्या जमाखर्चातील एक बाब म्हणून आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर अधिकरणाची बढती करण कारकात झाली. कर्तृत्वाचे अंतर मात्र तसेच राहिले.

५

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो क्षुल्लक नाही. खेळ हे प्रारूप असते. प्रारूपाला वगळावेच लागते. सारे काही मोजणारा खेळ खेळताच येणार नाही. बुद्धिबळाच्या पटावर शेतकरी नाही म्हणून कुणी बुद्धिबळाला दोष देत नाही.

या आक्षेपाचा पहिला भाग मान्यच करावा लागेल. पण बुद्धिबळ इतिहासाचा दावा करीत नाही. त्याची घरे काळीपांढरी आहेत, त्यांवर तिमोर किंवा अंगोला लिहिलेले नाही. ऐतिहासिक युद्धखेळाचा सारा आनंद मात्र तपशीलाच्या खरेपणावर उभा असतो. रबर किती, तेल किती, रस्ते कसे, बंदराची क्षमता काय, कोणत्या वर्षी कोणता रणगाडा उपलब्ध झाला, हे तो निगुतीने मोजतो. ज्याला रबराची मोजणी जमते त्याला रबराच्या मळ्यातील माणसाची मोजणी जमत नाही असे नव्हे. ती त्याला आवश्यक वाटत नाही. वगळणे अपरिहार्य आहे, पण काय वगळायचे याची निवड अपरिहार्य नसते. आणि संहितेचा अर्थ या निवडीतच असतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. बखरीतील मौने वाचण्याचा सराव मराठी अभ्यासाला आहे. लढाईच्या वर्णनात सरदारांची नावे येतात आणि ज्या गावांवरून फौजा गेल्या त्या गावांचे पीक येत नाही, हे बखरीचे वाचन करताना जसे विचारात घेतले जाते तसेच ते येथेही घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे.

दुसऱ्या बाजूने, या खेळांच्या पदरी एक मोठे श्रेय टाकले पाहिजे. तटस्थतेचा भंग हा केवळ दुष्टांचा उद्योग असतो, हा पाठ्यपुस्तकी समज युद्धखेळ सहज मोडून काढतो. दोस्तांच्या बाजूने खेळणारा एखादा सुस्वभावी विद्यार्थी नकाशाकडे पाहतो, शत्रूच्या विमानांचा पल्ला मोजतो आणि कडेचे तटस्थ बेट ‘आधीच घेतलेले बरे’ या निष्कर्षाला पोचतो. डिसेंबर १९४१ मध्ये तिमोरविषयीचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांची तर्कपद्धती त्याला आतून कळते. कोणतेही इतिहासाचे पुस्तक हे इतक्या थेटपणे करू शकत नाही. सत्तेच्या बुद्धीचा हा अनुभव मोलाचा आहे. प्रश्न एवढाच, की तो अनुभव तेथेच थांबतो. निर्णय घेणाऱ्याचे अंतरंग खेळाडूला मिळते. निर्णय ज्याच्यावर कोसळला त्याच्या दारापर्यंत तो कधी जात नाही. खेळ खोटे बोलतो असा येथे आरोप नाही. अर्धे वाक्य बोलून तो पूर्णविराम देतो, असा आहे.

६

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता आणि महायुद्धात दोन्ही प्रदेश एकाच लिस्बनच्या तटस्थतेखाली होते. युद्ध सुरू झाल्यापासून मुरगाव बंदरात ‘एहरेनफेल्स’ हे जर्मन जहाज आणि त्याच्या जोडीची काही जहाजे आश्रयाला थांबली होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतील प्रौढ ब्रिटिश स्वयंसेवकांनी एका साध्या बार्जवरून येऊन त्या जहाजावर चढाई केली. जर्मन आणि इटालियन खलाशांनी आपली जहाजे स्वतःच जाळली व बुडवली. तटस्थ बंदरातील ही कारवाई दीर्घकाळ गुप्त ठेवण्यात आली. १९७८ मध्ये जेम्स लीझरचे पुस्तक आणि १९८० मध्ये ‘द सी वुल्व्ह्ज’ हा चित्रपट यांनी ती जगापुढे आणली.

गोव्याचा बचाव झाला, कारण तेथे कुणाला ताबा टिकवायचा नव्हता. शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असताना त्याची गरजही नव्हती. पण या प्रसंगाचे आख्यान कसे रचले गेले ते पाहण्यासारखे आहे. ती चढाईखोरांच्या साहसाची कथा झाली. मुरगाव हे त्या कथेचे अधिकरण राहिले. आपल्या बंदरात कोण आश्रय घेणार आणि कोण आग लावणार, याविषयी गोमंतकीयांना दोन्ही वेळा कुणी विचारले नाही. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८ जून १९४६ रोजी, मडगावात नागरी स्वातंत्र्यासाठी सभा भरली. तटस्थ म्हणवल्या गेलेल्या प्रदेशातील माणसे तटस्थ नव्हती, त्यांना स्वतःचा पक्ष होता आणि तो दोन्ही युद्धमान गटांहून वेगळा होता, हे त्या दिवशी दिसले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. तिमोरला अधिक थांबावे लागले. ७ डिसेंबर १९७५ रोजी इंडोनेशियाने तो व्यापला. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतानंतर आणि बऱ्याच रक्तपातानंतर २० मे २००२ रोजी तो स्वतंत्र राष्ट्र झाला. त्या सार्वमतात स्वतःच्या भवितव्याविषयीच्या वाक्यात तिमोरी माणूस कर्ता म्हणून आला. १९४१ च्या पटावर मात्र त्याच्यासाठी अजून जागा नाही.

७

यावर उपाय म्हणून खेळावर बंदी घालावी किंवा त्यात नीतिपाठ घुसडावेत, असे कुणी सुचवल्यास ते निरर्थक ठरेल. खेळाडूला गुन्हेगार ठरवणारा नियमही उपयोगाचा नाही. दंड भरून पुढे जाण्याची सवय त्याला १९८४ च्या पटानेच लावली आहे. हवी आहे ती आख्यानाची पूर्तता. व्यापलेल्या वसाहतीत धान्य किती उरले, गावे किती उठली, कुणी कुणाला आश्रय दिला आणि त्याचे पुढे काय झाले, याची नोंद खेळाडूच्या लाभहानीशी न जोडता, निव्वळ नोंद म्हणून पटावर ठेवता येईल. जिंकणाऱ्याच्या गुणांत तिने एकाचाही फरक पडू नये. डाव संपल्यावर ती वाचली जावी, इतकेच पुरे. आणि रचनाकार हे करीत नाहीत तोवर ते काम समीक्षेचे आहे. ज्या अभ्यासकांनी कादंबरीतील निवेदक आणि त्याचे दृष्टिकेंद्र यांचा विचार केला आहे त्यांच्याजवळ त्यासाठी लागणारी साधने आधीच आहेत. संशोधनासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने एखाद्या खेळाची नियमपुस्तिका एकदा कारकांच्या अंगाने वाचून पाहावी.

तिमोरच्या डोंगरात ऑस्ट्रेलियन सैनिकांबरोबर राहिलेल्या स्थानिक तरुणांना ‘क्रियादो’ म्हटले जाई. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ चाकर असा आहे. पण त्या सैनिकांच्या आठवणींत तो शब्द सोबती या अर्थाने येतो. माघारीच्या वेळी सैनिक होड्यांतून जहाजांकडे गेले आणि क्रियादो किनाऱ्यावर राहिले. युद्धखेळात माघारीचा नियम अत्यंत सोपा असतो. तुकडी उचलायची, शेजारच्या घरात ठेवायची; सोडलेले घर तेवढ्यापुरते रिकामे होते. तिमोरचा किनारा त्या रात्री रिकामा झाला नव्हता.